बदली शिक्षक : वर्गातील कार्य आणि जबाबदारी

शाळेच्या वेळापत्रकात रिकामा तास असा नसतो. प्रत्यक्षात मात्र एखादे शिक्षक आजारी पडतात, एखाद्या शिक्षिकेची प्रसूती रजा सुरू होते, निवडणूक अथवा जनगणनेच्या कामासाठी शिक्षकांना बाहेर जावे लागते आणि तो तास विद्यार्थ्यांच्या बोलीत 'ऑफ तास' होतो. हा शब्द आता शिक्षकांच्याही तोंडी रुळला आहे. वास्तविक विद्यार्थी वर्गात हजर आहेत, पुस्तके दप्तरात आहेत, घंटा वेळेवर झाली आहे. फक्त समोर उभी असणारी व्यक्ती बदलली आहे. अशा वेळी वर्गात येणाऱ्या बदली शिक्षकाकडून शाळेची अपेक्षा बहुधा एवढीच असते, की वर्ग शांत राहावा. ही अपेक्षा फार अपुरी आहे. रजेवरील शिक्षकाने जेथे पाठ सोडला तेथून तो पुढे नेणे आणि परत आल्यावर त्याला सुस्थितीत सोपविणे, हे बदली शिक्षकाचे खरे काम होय.

कायद्याने या कामाला स्थान दिलेले आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 च्या कलम 5 अन्वये तात्पुरत्या रिक्त पदावर व्यवस्थापनाला योग्य अर्हतेची व्यक्ती नेमता येते. नेमणुकीचा आदेश विहित नमुन्यात काढावा लागतो आणि त्यात नेमणुकीची मुदत नमूद करावी लागते. बदली शिक्षकाने रुजू होताना हा लेखी आदेश मागून घ्यावा, त्यातील मुदत वाचावी आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तोंडी नेमणुकीवर काही महिने शिकवून पुढे अनुभवाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणारे तरुण शिक्षक खानदेशात काय किंवा अन्यत्र काय, कमी नाहीत.

एका तासाची बदली आणि सहा महिन्यांची बदली यांत अर्थातच फरक आहे. प्रसूती रजा 180 दिवसांची असते. जूनच्या मध्यास ती सुरू झाली, तर पहिले सत्र संपूर्णपणे बदली शिक्षकाच्या हाती जाते. वर्ग दहावीचा असेल, तर त्या विषयातील गुणांचा बराचसा पाया तोच घालतो. म्हणून अशा दीर्घ बदलीत रजेवर जाणाऱ्या शिक्षिकेची समक्ष भेट घेणे हे पहिले कर्तव्य ठरते. वार्षिक नियोजन, टाचणवही, झालेले घटक, घटक चाचणीचे गुण एवढे तर घ्यावेच. पण त्याहून महत्त्वाची माहिती कोठेही लिहिलेली नसते. कोणत्या मुलीला फळ्यावरचे लांबून दिसत नाही, कोणता मुलगा प्रश्न विचारल्यावर गप्प बसतो परंतु वहीत अचूक लिहितो, कोणाच्या घरी नुकतेच दुःख झाले आहे, हे वर्गशिक्षिकेलाच ठाऊक असते.

एका तासाच्या बदलीत अशी भेट शक्य नसते. तेथे पहिली पाच मिनिटेच निर्णायक ठरतात. नवीन माणूस दिसताच वर्ग त्याची परीक्षा घेतो. जागा बदलल्या जातात, नावे उलटसुलट सांगितली जातात, 'हा धडा झाला, सर' असे एकमुखाने सांगण्यात येते. त्यावर आवाज चढविणे निष्फळ होय. प्रत्येकाला चतकोर कागदावर आपले नाव लिहून तो दुमडून बाकावर उभा करण्यास सांगावे. नावाने हाक मारता आली की निम्मा गोंधळ आपोआप ओसरतो. नंतर एका विद्यार्थ्याची वही मागून शेवटच्या लिखाणाची तारीख व शीर्षक पाहावे. धडा कोठवर आला आहे हे वही खरे सांगते. छडीचा विचारही मनात आणू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, आणि त्यात चारचौघांत केलेला पाणउतारादेखील येतो.

भाषेचा प्रश्न धुळे शहरातील देवपूरसारख्या भागात विशेष विचारात घ्यावा लागतो. पांझरेच्या उत्तर तीरावरील हा भाग शिक्षणसंस्थांनी गजबजलेला आहे. झुलाल भिलाजीराव पाटील महाविद्यालय येथेच आहे आणि श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालयही येथेच आहे. अशा ठिकाणी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला उमेदवार बदली शिक्षक म्हणून वर्गात उभा राहणे स्वाभाविक आहे. वर्गात मात्र अहिराणी बोलणाऱ्या घरांतील मुले असतात. काहींच्या घरी भिली किंवा पावरी बोलली जाते. 'माले समजनं नही' असे एखादा मुलगा म्हणाला आणि शिक्षकाने त्याची बोली हसण्यावारी नेली, तर तो मुलगा पुन्हा शंका विचारणार नाही. पुढे त्या विषयात तो मागे पडला, तर दोष बुद्धीचा मानला जाईल. शिक्षकाला अहिराणी येत नसली तरी बिघडत नाही. 'म्हणजे तुला काय समजले नाही, ते दाखव' असे म्हणून त्याला फळ्याजवळ बोलवावे, आणि उत्तर बोलीत आले तर ते उत्तर म्हणूनच स्वीकारून शेजारी प्रमाण मराठीत लिहावे. मुले दोन्ही रूपे शिकतात आणि शिक्षकही चार शब्द शिकतो.

बदली शिक्षकाजवळ स्वतःचा एक तयार पाठ नेहमी असावा. तो कोणत्याही इयत्तेत, पुस्तकाशिवाय, केवळ खडू-फळ्यावर घेता आला पाहिजे. या परिसरासाठी पांझरा खोऱ्यातील फड पद्धतीचे उदाहरण उत्तम आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणायचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाटाची देखभाल सर्वांनी मिळून करायची, अशी ही शेकडो वर्षांची लोकव्यवस्था. आता तिचा विस्तार पूर्वीइतका राहिलेला नाही. परंतु पाणी वाटणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या यांच्याविषयी काही मुलांनी आजोबांकडून ऐकलेले असते. पाचवीच्या वर्गाला विचारावे : चार फड आहेत, प्रत्येक फडाला दोन दिवस पाणी लागते, तर पहिल्या फडाची पाळी पुन्हा कितव्या दिवशी येईल? कोणी आठवा म्हणेल, कोणी नववा. हा वाद शिक्षकाने लगेच मिटवू नये. फळ्यावर दिवस मांडून मुलांनाच नवव्या दिवसापर्यंत पोहोचू द्यावे. आठवीला तोच विषय नागरिकशास्त्राच्या अंगाने घेता येतो : पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवावा आणि ते कोणी ठरवावे? प्रत्येक फडात थोडीथोडी जमीन असलेला शेतकरी आणि एकाच फडात सर्व जमीन असलेला शेतकरी यांची उत्तरे वेगळी येतील, हे मुलांच्या लवकर ध्यानात येते.

दीर्घ बदलीत मात्र असे स्वतंत्र पाठ बेतानेच घ्यावेत. तेथे पाठ्यपुस्तक सोडून चालत नाही. बालभारतीची पुस्तके राज्यभर एकच असल्याने रुजू होण्याच्या आदल्या रात्रीही धड्याची तयारी करता येते. ही मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग न करणाऱ्याला सबब राहत नाही. भागाकाराची किंवा व्याकरणाची रीत रजेवरील शिक्षिकेने जी शिकविली असेल तीच शक्यतो पुढे चालवावी. आपली रीत अधिक सोपी वाटली तरी सत्राच्या मध्यावर ती बदलल्याने मुले गोंधळतात. 'आमच्या बाई असे शिकवत नाहीत' हे वाक्य अपमान म्हणून घेऊ नये. त्यात बाईंविषयीची आठवण असते. बाई कशा शिकवत, हे त्याच मुलीकडून फळ्यावर करवून घ्यावे. अनुपस्थित सहकाऱ्याच्या अध्यापनावर वर्गात किंवा शिक्षककक्षात टीका करणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

नोकरी अल्पकाळाची, मग ठसा कसा उमटणार, असे काहीजण विचारतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी 1924 ते 1930 एवढीच वर्षे शिकविले.

शाळेचीही काही बाजू आहे. बदली शिक्षकाला हजेरीपट दिला जात नाही, कपाटाची किल्ली मिळत नाही, बसायला खुर्ची नसते, आणि पर्यवेक्षक वर्गात डोकावून केवळ आवाज किती आहे एवढेच पाहून जातात, असे घडते. मुख्याध्यापकांनी प्रत्येक वर्गासाठी एक पातळ फाइल कार्यालयात ठेवली, तर खर्च काहीच नाही. तीत बैठकीचा तक्ता, वेळापत्रक, प्रकृतीची विशेष काळजी घ्यावयाच्या मुलांची नावे आणि प्रत्येक विषयाचा एकेक सरावसंच असावा. मुलांच्या प्रकृतीविषयीचा कागद मात्र बंद पाकिटात असावा आणि तो शिक्षकाशिवाय अन्य कोणाच्या हाती जाऊ नये.

त्याच फाइलमध्ये बदली शिक्षकाने तास संपताच अर्धे पान लिहून ठेवावे. काय शिकविले, कोणते उदाहरण अर्धवट राहिले, गृहपाठ काय दिला, कोण गैरहजर होते, एवढे पुरे. खोड्या करणाऱ्यांची यादी लिहिण्याचा मोह होतो. त्याऐवजी ज्यांना पाठ समजला नाही त्यांची नावे लिहावीत. दीर्घ बदलीच्या अखेरच्या आठवड्यात तपासलेल्या वह्या, चाचण्यांचे गुण आणि राहिलेले घटक यांची एक प्रत रजेवरून परतणाऱ्या शिक्षिकेला आणि एक मुख्याध्यापकांना द्यावी, दोन्हींवर पोच घ्यावी आणि परतलेल्या शिक्षिकेबरोबर एक तास वर्गात मागे बसावे.