"ही आमची माणसं नाहीत"

"टाळेबंदीत सरकारनं सगळ्यांचं केलं हो," असं कुणी म्हणालं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. 2020च्या एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या वाघोलीच्या शिवेवरच्या एका लेबर कॅम्पासाठी शिधा मागत मी कार्यालयांचे उंबरे झिजवले आहेत.

केलं, नाही असं नाही. शिवभोजन थाळी 5 रुपयांवर आली, शाळांमध्ये निवारे उघडले. पण पत्र्याच्या खोल्यांत अडकलेली बिहार-छत्तीसगडची ही कुटुंबं कुणाच्याच यादीत नव्हती. वाघोली तेव्हा ग्रामपंचायत; महापालिकेत आली ती 30 जून 2021ला. त्यामुळे शहरवाले म्हणत, तहसीलला जा. तहसीलवाले म्हणत, महापालिकेचं बघा. शेवटी एका साहेबांनी माझी यादी उचलूनही न बघता बोटानं परत सरकवली. "रेशनकार्ड इथलं नाही ना? मग ही आमची माणसं नाहीत." शहराच्या इमारती याच माणसांनी उभ्या केल्या, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते फोनवर बोलू लागले. नोंद नसेल तर समोरचा उपाशी माणूसही कार्यालयाला दिसत नाही, हे मला त्या टेबलापाशी कळलं.

टाळेबंदी 25 मार्चला लागली. कार्ड नसलेल्यांना माणशी 5 किलो धान्य देण्याचं केंद्रानं जाहीर केलं ते 14 मेला. मधल्या काळात ठेकेदाराचा फोन बंद होता आणि शेजारच्या सोसायटीतल्या बायका पोळ्या लाटून पाठवत होत्या.

असं काम अंगावर घेणाऱ्यांनी आधी हद्द पक्की करावी, गट नंबरासकट. तोंडी काही मागू नका. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. ती हातात आल्यावरच माझ्याशी बोलण्याचा सूर बदलला. यादीत नाव, मोबाइल, आधार याबरोबर गावचा जिल्हाही लिहा, कारण मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या तेव्हा माणसं राज्य-जिल्ह्यानुसारच मोजली गेली. एकट्यानं जाऊ नका, धीर सोडू नका.

आता 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे आधार जोडलेल्या बिहारच्या कार्डावर पुण्यातही धान्य मिळतं. दुकानदारानं नाही म्हटलं तर रेशनच्या परिमंडळ कार्यालयात लेखी तक्रार द्या.

आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. वर्षभरात 90 दिवस काम केलेल्या मजुराला ती मिळते. त्या एप्रिलमध्ये राज्यानं नोंदीत कामगारांना 2000 रुपये दिले. आमच्या कॅम्पात एक रुपया आला नाही, कारण ठेकेदारानं 90 दिवसांचा दाखला कुणालाच दिला नव्हता. हे मी विसरणार नाही.

तुमच्या शेजारी बांधकाम चालू असेल तर आजच मुकादमाला गाठा आणि किती जणांची नोंदणी झाली आहे, ते विचारा.