पार्श्वभूमीपलीकडचा निसर्ग : ‘बनगरवाडी’ आणि ‘सत्तांतर’

मराठी साहित्यातील निसर्गाचा विचार दीर्घकाळ प्रामुख्याने कवितेच्या अनुषंगाने झाला. निसर्ग म्हणजे कवीच्या मनोवस्थेचे प्रतिबिंब, ही धारणा बालकवींच्या (१८९०-१९१८) कवितेच्या निमित्ताने आपल्या समीक्षेत दृढ झाली. कथात्म साहित्यातील निसर्गासाठी मग ‘पार्श्वभूमी’ आणि ‘वातावरणनिर्मिती’ एवढ्याच संज्ञा उरल्या. व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबऱ्यांच्या संदर्भात त्या अपुऱ्या पडतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘बनगरवाडी’त संस्थानी काळातील माणदेशातल्या एका धनगरवस्तीवर तरुण मास्तर शाळा चालवावयास येतो. हळूहळू तो गावाचा होतो. त्याच्या पुढाकाराने गाव तालीम उभारते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात आणि माणसे वाडी सोडून जातात. हा दुष्काळ कोणाच्या पापाचे फळ नाही, की कथानकाला कलाटणी देण्यासाठी योजलेली युक्तीही नाही. मेंढरू, चारा आणि पाऊस या साखळीवर वाडीचे जगणे आरंभापासूनच तोललेले आहे. दुष्काळात ते केवळ उघड होते. येथे निवेदकाचे स्थान लक्षणीय आहे. पगारदार मास्तरचे पोट थेट पावसावर अवलंबून नाही. म्हणूनच ओस पडलेली वाडी पाहावयास तो मागे उरतो. गावाशी एकरूप झालेल्या या माणसाचे परकेपण निसर्गच अधोरेखित करतो.

‘सत्तांतर’मध्ये केंद्रस्थानी माणूस नाही, वानरांची टोळी आहे. नवा नर टोळीचा ताबा घेतो आणि त्यात पिलांचा बळी जातो. या वर्तनाला अभ्यासाचा आधार आहे. युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाड परिसरात, तर सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबू येथे वानरांच्या टोळ्यांतील अशा घटनांचा अभ्यास केला होता. तरीही शीर्षकामुळे ही कादंबरी मानवी राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह होतो. तो मोह सर्वस्वी अनाठायी नाही. ‘सत्ता’ हा शब्द माणसाचाच आहे आणि वानरांना दिलेली नावेही माणसाच्या भाषेतली आहेत. परंतु केवळ रूपक म्हणून वाचताना वानर नाहीसे होते व आपणच उरतो. निसर्ग पुन्हा आरसा ठरतो. पिलाचा मृत्यू एखाद्या राजकीय आशयाचे चिन्ह होण्यापूर्वी पिलाचा मृत्यू आहे, हे या वाचनात हरवते.

दोन्ही कृती एकत्र वाचल्या असता एक क्रम दिसतो. ‘बनगरवाडी’त माणूस निसर्गाचा स्वामी नाही, ‘सत्तांतर’मध्ये तो कथेला अनिवार्यही नाही. मात्र या क्रमाला माणसाविषयीची उदासीनता म्हणता येणार नाही. वाडीतील माणसांकडे ज्या आस्थेने आणि संयमाने पाहिले गेले, तीच आस्था व तोच संयम पुढे वानरांच्या वाट्याला आला आहे. माडगूळकरांच्या निसर्गदृष्टीचे मर्म या समान न्यायात आहे. समीक्षेने त्याची दखल घ्यावयाची, तर निसर्ग कशाचे प्रतीक आहे, या प्रश्नाआधी तो तेथे स्वतः काय करतो, हे विचारावयास हवे.