साडीचे आयुष्य : गृहविद्येचा एक धडा

शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित, शास्त्र, इतिहास असे विषय असतात. घर सांभाळणे हा विषय बहुधा नसतो. त्यामुळे ते काम कोणालाही न शिकता येते, त्यात बुद्धीला वाव नाही, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात नकळत रुजतो. आमच्या मते हा समज खरा नव्हे. अर्थशास्त्राला इंग्रजीत जो 'इकॉनॉमिक्स' हा शब्द आहे, त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. 'ओइकोस' म्हणजे घर, आणि घराची व्यवस्था हा त्या शब्दाचा पहिला अर्थ. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने घर व शेती कशी चालवावी यावर संवादरूपाने एक ग्रंथच लिहिला. म्हणजे राष्ट्राच्या अर्थकारणाचा विचार करणाऱ्या शास्त्राने आपले नाव घराकडूनच घेतले आहे.

या लेखात त्या विद्येचा एकच नियम आम्ही सांगणार आहोत. घरात येणारी प्रत्येक वस्तू तिच्या संपूर्ण आयुष्यासह ओळखावी. ती कोठून आली, घरात किती दिवस उपयोगी पडणार आणि शेवटी कोठे जाणार, हे तीन प्रश्न ज्या घरात विचारले जातात, त्या घराला काटकसर जाचत नाही. उलट तीत आनंद वाटू लागतो.

हा नियम समजून घेण्यास आमच्या चलथाणसारखे सोयीचे गाव नाही. येथे सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यात उसाचे काय होते ते पाहा. रसाची साखर होते. राहिलेला चोथा भट्टीत जळण म्हणून जातो आणि त्याच वाफेवर यंत्रे चालतात. मळीपासून मद्यार्क तयार करता येतो. रस गाळताना उरलेला गाळ खत म्हणून पुन्हा शेतात जातो. टाकाऊ असे फारच थोडे उरते. कारखान्याला जे हिशेबाने जमते, ते आपल्या आज्यापणज्यांना घरात सवयीने जमत होते. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे गोधडी.

सुरत-जळगाव लोहमार्गावर चलथाण हे एक स्थानक आहे. येथून गाडी पूर्वेस निघाली की बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर ही गावे मागे टाकून ती नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशा खानदेशातील गावांना पोहोचते. याच मार्गाने खानदेशातील कित्येक कुटुंबे कामधंद्यासाठी सुरतेकडे आली. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशा तीन भाषा बोलणारी मुले या परिसरात सहज भेटतात. त्यांच्या घरच्या गाठोड्यांतून भांडीकुंडी आली, तशा गोधड्याही आल्या.

गोधडी कशी होते? वापरून मऊ झालेली सुती लुगडी व धोतरे धुऊन, वाळवून एकावर एक पसरतात. विरलेला भाग आतल्या थरात आणि धड भाग वरच्या थरात येईल असे पाहतात. मग चारी काठ पक्के करून धावदोऱ्याच्या ओळी घालतात. पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या काठापासून सुरुवात करून ओळी आत आत नेण्याची रीत आहे. अंगण मोठे असेल तर दोघी-तिघी चारी बाजूंनी बसून शिवतात. महाराष्ट्रात काही भागांत हिला वाकळ म्हणतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी या तिच्याच बहिणी होत. जुन्या कापडाला दुसरे आयुष्य देण्याची कल्पना या सर्व प्रांतांतील स्त्रियांना सुचली, यावरून तिची उपयुक्तता ध्यानात येते.

गोधडीची ऊब कोठून येते, हाही शास्त्राचाच प्रश्न आहे. कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. स्थिर हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. म्हणून अंगाची ऊब अंगाशीच राहते. शिवाय सुती धागा घाम शोषून घेतो. ठरावीक तापमानाच्या व आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो. पॉलिएस्टर मात्र अवघे ०.४ टक्के. यामुळेच सुती गोधडी अंगाला चिकटत नाही आणि तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठी जुने सुती पातळच शोधले जाते.

येथेच आमच्या भागाची खरी अडचण दिसून येते. सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील मोठे केंद्र आहे. येथील साड्या स्वस्त असतात, रंगाने झळकतात, धुण्यास सोप्या व वाळण्यास झटपट असतात. कामावर जाणाऱ्या स्त्रीला हे गुण खरोखर उपयोगी पडतात, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशी साडी जुनी झाली की तिची चांगली गोधडी होत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषला जात नाही, आणि ठिणगी पडली तर धागा वितळून कातडीला चिकटतो. तिचे पायपुसणे केले तर ते पाणी टिपत नाही. मातीत पुरली तर ती कुजत नाही. म्हणजे घेतेवेळी जी वस्तू स्वस्त वाटते, तिचे आयुष्य एकाच टप्प्यात संपते. सुती साडीचे तसे नाही. आधी साडी, मग गोधडी, मग पायपुसणे व फडके आणि अखेरीस माती, अशा चार पायऱ्यांनी ती घराच्या उपयोगी पडते. दोन्ही साड्यांच्या किमतींची तुलना करताना या पायऱ्यांचाही हिशेब धरावयास हवा.

म्हणून गोधडीची खरी सुरुवात सुईने होत नाही. ती दुकानात साडी निवडताना होते. डोळसपणे खरेदी करणे ही गृहविद्येची पहिली पायरी आहे. आमच्या शेजारच्या बारडोलीने हा धडा पूर्वीच गिरविला आहे. १९२८ च्या शेतसाऱ्याच्या सत्याग्रहाने ते गाव देशभर गाजले. तेथील स्वराज आश्रमात सूतकताईचे व खादीचे कामही चाले. हे कापड कोणी विणले आणि याचे पैसे कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न त्या काळी साध्या शेतकऱ्यानेही विचारला. आज सर्वांनी खादीच वापरावी असा आमचा आग्रह नाही. तो प्रश्न विचारण्याची सवय मात्र टिकली पाहिजे.

बाजारहाटीत गणितही लागते. समजा, एका वस्तूचे २०० ग्रॅमचे पाकीट ३० रुपयांस आहे व ५०० ग्रॅमचे ८० रुपयांस. मोठे पाकीट स्वस्त असणारच, असे मानून आपण ते उचलतो. पण हिशेब केला तर पहिल्याचा दर किलोला १५० रुपये पडतो आणि दुसऱ्याचा १६० रुपये. वेष्टनावर निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, तारीख आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या किमतीहून अधिक पैसे दुकानदाराला मागता येत नाहीत. कमी घेण्यास मात्र मुभा आहे. ग्राहकाच्या हक्कांसाठी १९८६ साली स्वतंत्र कायदा झाला व त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. कायदा असला तरी वेष्टन वाचण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. मुंबईत १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने याहून पुढचे पाऊल टाकले. शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याच्या सामानाची यादी एकत्र देतात, माल घाऊक भावाने येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. यादी आधी करावी लागते, म्हणून अनावश्यक खरेदी आपोआप टळते. हा त्यातला मोठा लाभ होय.

आता वस्तूच्या शेवटच्या टप्प्याकडे, म्हणजे मातीकडे वळू. भाजीची साले, चहाचा चोथा, वाळलेली पाने आणि सुती चिंध्या यांचे खत घरच्या घरी करता येते. जुन्या डब्याला तळाशी भोके पाडावीत. ओल्या कचऱ्याचा एक थर व वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा एक थर, असे आलटून पालटून घालावे आणि आठवड्यातून एकदा खालीवर करावे. साधारणतः दोन-तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत व मातीच्या वासाचे खत तयार होते. चिंध्या कुजण्यास काहीसा अधिक वेळ लागतो. दुर्गंधी येऊ लागली, तर ओल फार झाली असे समजून वाळका पाला वाढवावा.

आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. कुंडीत ती नुसती भरली तर पाणी साचून मुळे गुदमरतात, कारण मुळांनाही हवा लागते. म्हणून एक भाग माती, एक भाग खत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे. एवढ्यावर तुळस, गवती चहा, ओवा, कोरफड व कढीपत्ता छान वाढतात. अळूला ओल आवडते. त्याला तांदळाचे धुवण रोज घालावे. कुंडीच्या मातीवर पाचटाचे आच्छादन घातले तर उन्हाळ्यात पाणी कमी लागते. उसाच्या शेतातही तीच युक्ती वापरतात. ज्या लुगड्याच्या गोधडीत आपण निजलो, त्याच्याच चिंधीच्या मातीत तुळशीला नवी मंजिरी आलेली पाहणे, हा आनंद विकत मिळत नाही.

परंतु हे सारे आनंदाचे चित्र रंगविताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे काम कोणाचे हात करतात? आमच्या परिसरातील कित्येक माता घरकाम आटोपून दुपारी बाजाराच्या साड्यांना लेस लावतात, धागे कापतात, खडे चिकटवितात. नगावर ठरलेली मजुरी त्यांना मिळते. दिवसभर परक्या साड्यांवर सुई चालविल्यावर आपल्या घरची गोधडी शिवण्यास डोळ्यांत बळ उरत नाही. गोधड्या कमी झाल्या त्याचे कारण आळस नव्हे. वेळ उरला नाही, हे आहे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत सहा वर्षांवरील व्यक्तींची माहिती घेण्यात आली. घरातले बिनमजुरीचे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. शिवाय पाहणीच्या दिवशी असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे ८१ होत्या आणि पुरुष केवळ २६. एकाच्या पाठीवर लादलेल्या कामाला गृहजीवनाचा आनंद म्हणणे न्यायाचे होणार नाही.

या बाबतीत मुलग्यांपुढे ठेवण्याजोगा आदर्श आमच्याच लोहमार्गावर, अमळनेरला आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांची अंथरुणे आवरणे ही कामे ते स्वतः करीत. त्यांनी हे व्याख्यान देऊन सांगितले नाही, करून दाखविले. आणि मुले शरमून नव्हे तर प्रेमाने ती कामे करू लागली. ज्या कामाला थोरांनी हात लावला, ते काम आपल्या हाताला हलके कसे ठरेल?

विद्यार्थिमित्रहो, या धड्याचा स्वाध्याय घरीच करावयाचा आहे.

१. घरातील निरनिराळ्या कापडांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. कोठे तो पसरतो, कोठे तसाच राहतो, ते लिहून ठेवा.

२. एक महिना घरच्या वाणसामानाची यादी तुम्ही करा. यादीबाहेरच्या वस्तूंवर किती खर्च झाला, ते शेवटी काढा.

३. दोन डब्यांत खत घाला. एकात सुती चिंधी व दुसऱ्यात कृत्रिम धाग्याची चिंधी पुरा आणि चार महिन्यांनी दोन्ही उकरून पाहा.

४. आजी किंवा आई यांच्याकडून धावदोरा शिकून घ्या, व त्यांच्या गोधडीची निदान एक ओळ तुम्ही घाला. हा प्रश्न मुलगे व मुली या दोघांनाही आवश्यक आहे.

५. घरातले एक काम आजपासून कायमचे आपल्याकडे घ्या. ते कोणते, हे आईला विचारून ठरवा; कारण तिला कोणत्या कामाचा थकवा अधिक येतो, हे तिलाच ठाऊक असते.

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. पाचव्याचे उत्तर वहीत लिहून उपयोग नाही; ते रोज संध्याकाळी घरात दिसले पाहिजे.