‘माउंट होत नाही’ म्हणजे ‘गेलं’ असं नाही!

सुरुवात कबुलीने करतो. आमच्या बी.ई. प्रोजेक्टचा डेटा मीच उडवला होता. व्हायरस नाही, लाइट गेली म्हणून नाही. रात्री दोन वाजता एका अक्षराच्या चुकीने.

आमचा चौघांचा प्रोजेक्ट बेअरिंगच्या व्हायब्रेशनवर. नवं बेअरिंग रिगवर चढवायचं आणि ते झिजून मोडेपर्यंत तीन आठवडे रीडिंग घ्यायची. ही सगळी रीडिंग ५०० जीबीच्या एकाच एक्स्टर्नल हार्डडिस्कवर. बेअरिंग मोडलं, रिग खोलून झाली. म्हणजे डेटा गेला तर पुन्हा घ्यायचा प्रश्नच नाही. सबमिशनला उरले होते नऊ दिवस.

त्या रात्री डिस्क अनमाउंट केली, पण केबल काढायचा आळस केला. शेजारच्या पेनड्राइव्हची सुरुवात साफ करायची म्हणून डीडी कमांडने १ एमबी शून्यं लिहायला सांगितली. पेनड्राइव्ह होता एसडीसी१, मी टाइप केलं एसडीबी१. एंटर! सेकंदभरही लागला नाही. सकाळी डिस्क उघडायला गेलो तर उत्तर आलं, ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’.

रूम पार्टनर म्हणाला, “आण इकडे, विंडोजवर लावून बघू.” विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम मुळात वाचताच येत नाही. डिस्क धडधाकट असली तरी ते बऱ्याचदा ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारतं. तसंच विचारलं. “अरे थांब, काही दाबू नकोस!” असं ओरडून मी केबल ओढली. त्या दिवशी मी केलेलं पहिलं शहाणपणाचं काम तेच. पुढे जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमच महत्त्वाचा आहे.

१) आधी लिहिणं बंद. फॉरमॅट नाही, नवीन फाइल नाही, घाईघाईत रिपेअरही नाही. डेटा बहुतेक वेळा पहिल्या चुकीने जात नाही, ती सुधारण्याच्या धांदलीत जातो.

२) दुखणं ओळखा. एलएसबीएलके कमांड दिल्यावर डिस्क दिसतच नसेल तर आधी केबल आणि पोर्ट बदला. मग डीएमईएसजी पाहा. तिथे ‘आय/ओ एरर’च्या ओळी असतील किंवा डिस्क कटकट आवाज करत असेल, तर दोष हार्डवेअरचा. अशा मरत्या डिस्कवर एफएससीके चालवणं म्हणजे तापातल्या माणसाला ग्राउंडला फेऱ्या मारायला लावणं. एनटीएफएस पार्टिशन अडत असेल तर विंडोज हायबरनेट झालंय का ते बघा. विंडोजमध्ये जाऊन पूर्ण शटडाउन केलं की बऱ्याचदा काम होतं. आमच्याकडे आय/ओ एरर एकही नव्हती, फक्त ईएक्सटी४ सापडत नाही एवढीच तक्रार. म्हणजे डिस्क ठणठणीत, बिघडवणारा मी!

३) प्रत काढा. लॅबच्या असिस्टंट सरांकडून १ टीबीची डिस्क मागून आणली आणि डीडीरेस्क्यूने आख्ख्या पार्टिशनची इमेज काढली. जुन्या यूएसबी पोर्टवर पाच तास लागले. पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजवर. प्रयोग फसला तरी मूळ डिस्क जशीच्या तशी राहते.

४) सुपरब्लॉकची दुसरी प्रत शोधा. सुपरब्लॉक म्हणजे रेक्टर सरांच्या रजिस्टरचं पहिलं पान समजा. एकूण खोल्या किती, कुठली विंग कुठे सुरू होते, हे त्यावर असतं. ते पान फाटलं म्हणून मुलं खोल्यांतून नाहीशी होत नाहीत. हे पान पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून असतं, म्हणजे माझ्या १ एमबीत ते नक्कीच गेलं. पण ईएक्सटी४ त्याच्या प्रती पुढे ठरावीक अंतरांवर ठेवते. ४ केबीचे ब्लॉक असतील तर ब्लॉक क्र. ३२७६८, ९८३०४, १६३८४०... इथे. एमकेई२एफएस कमांड ‘मायनस एन’ देऊन चालवली की ही यादी मिळते. पण सावधान! ‘मायनस एन’ विसरलात तर ती यादी देणार नाही, थेट नवी फाइल सिस्टीम बनवेल.

५) आधी फक्त बघा. इमेज ‘रीड ओन्ली’ माउंट केली आणि एसबी ऑप्शनमध्ये दुसऱ्या प्रतीचा पत्ता दिला. इथे मी तासभर अडकलो. ३२७६८ दिलं की चालेना. कारण माउंट हा आकडा १ केबीच्या हिशोबात घेतो, म्हणून ३२७६८ गुणिले ४, म्हणजे १३१०७२ द्यावं लागतं. ते दिलं आणि फोल्डर दिसले! एकविसाव्या दिवसाची फाइलसुद्धा. सगळं आधी दुसरीकडे कॉपी केलं.

६) रिपेअर सगळ्यात शेवटी. इमेजवर ई२एफएससीके, ‘मायनस बी ३२७६८’ देऊन. फ्री ब्लॉकचे आकडे चुकल्याच्या भरपूर तक्रारी आल्या, त्या दुरुस्त झाल्या, आणि मूळ जागचा सुपरब्लॉक पुन्हा लिहिला गेला. फाइल एकही गेली नाही. यात नशिबाचा भाग मोठा आहे. त्या पहिल्या १ एमबीत सुपरब्लॉक, त्यामागचा ग्रुपचा तक्ता आणि राखीव जागा एवढंच होतं. तक्त्याच्याही प्रती पुढे असतात. शून्यं १०० एमबी लिहिली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

पार्टनर्सना मी इमेज निघत असतानाच सांगून टाकलं होतं. डेटा परत मिळेल की नाही हे तेव्हा माहीत नव्हतं. एकाने दोन शिव्या दिल्या, एक काहीच बोलला नाही (ते जास्त लागलं), तिसरा म्हणाला, “एकाच डिस्कवर ठेवताना आपण चौघेही होतो.”

त्याचं खरं होतं. आता आमचा डेटा तीन ठिकाणी असतो, त्यातलं एक हॉस्टेलच्या बाहेर. आणि डीडी टाइप केल्यावर मी एंटर दाबत नाही. आधी एलएसबीएलके बघतो, नको त्या केबल काढतो, मगच एंटर!