वीस वर्षं न भरलेली टाकी

नाताळच्या सुट्टीत खानापूरला घरी गेले होते. घरात पाहुणे, आणि नेमका संडास तुंबला. पप्पांनी मैला उपसणारा टँकर बोलावला. ड्रायव्हरने विचारलं, "याआधी कधी उपसली होती?" आजी अभिमानाने म्हणाली, "वीस वर्षांत एकदाही नाही. आमची टाकी भरतच नाही!" तो हसून म्हणाला, "भरली नाही कशी, आजी? जात होती कुठंतरी."

हे 'कुठंतरी' म्हणजे कुठं, ते शोधताना जे समजलं ते मंडळाच्या वाचकांसमोर ठेवते.

आमच्या गल्लीत भुयारी गटार नाही. लहान गावांत बहुतेक ठिकाणी हीच स्थिती असते. तिथे मैलापाण्याची सगळी भिस्त सेप्टिक टँकवर. या टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी दुसऱ्या टोकाच्या पाइपातून बाहेर पडतं. तळातला थोडा मैला जिवाणू कुजवतात, पण सगळा नाही. गाळ साठत जातो, म्हणून टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. नाही उपसली तर पाण्याला थांबायला जागाच उरत नाही आणि मैला पाण्याबरोबर बाहेर जातो. म्हणजे आजी ज्याला टाकीचा गुण समजत होती, तोच तिचा बिघाड होता.

टाकी नीट चालली तरी बाहेर येणारं पाणी शुद्ध नसतं. रोगजंतू त्यात असतातच. ते शोषखड्ड्यात मुरायला हवं आणि खड्डा विहिरीपासून लांब हवा. आमचा पाइप मात्र सरळ उघड्या गटारात सोडलेला होता. गटार ओढ्याला मिळतं, ओढा मलप्रभेला.

नदीचं काय होतं? पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील, याचं माप म्हणजे बीओडी. आंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. कच्च्या मैलापाण्यात तो साधारण २०० ते ३०० असतो. ऑक्सिजन संपला की मासे गुदमरतात. नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यात खानापूर ते रामदुर्ग हा मलप्रभेचा पट्टाही आहे. कणकुंबीला उगम पावलेली नदी आमच्या गावापर्यंत येते ती फार लांबून नाही, हे लक्षात घ्या.

पप्पांनी शोषखड्डा खणून घेतला. प्रश्न सुटला असं वाटलं. मग मी ड्रायव्हरला विचारलं, "हे तुम्ही कुठं ओतता?" त्याने गावाबाहेर हात दाखवला. पुन्हा तेच, कुठंतरी! आमची घाण फक्त टँकरमधून फिरून आली.

इथेच गावाची जबाबदारी सुरू होते. आपल्याच कर्नाटकात बेंगळुरूजवळ देवनहळ्ळी नावाचं गाव आहे. २०११ च्या जनगणनेत वस्ती सुमारे २८ हजार. तिथे २०१५ साली खास टाक्यांतल्या मैल्यासाठी प्रक्रिया केंद्र सुरू झालं. क्षमता रोज ६ हजार लिटर, म्हणजे एक-दोन टँकर. घट्ट मैला हवाबंद टाकीत कुजवतात, वाफ्यांवर वाळवतात, ओल्या कचऱ्यात मिसळून त्याचं खत करतात. पाणी खडी आणि झाडं लावलेल्या वाफ्यातून गाळलं जातं. अवाढव्य यंत्रं नाहीत, मैलोन्‌मैल गटारं नाहीत. लहान गावाला झेपेल असं काम आहे.

आपण साहित्याचे विद्यार्थी, म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधते. 'सांडपाणी', म्हणजे सांडलेलं, टाकून दिलेलं पाणी. शब्दातच आपण त्याच्यावरचा हक्क सोडलाय. पण खालच्या गावात ते कुणाचं तरी पिण्याचं पाणी असतं.

घरी गेलात की तीन प्रश्न विचारा. आपली टाकी शेवटची कधी उपसली? तिचा पाइप कुठं सुटतो? टँकर कुठं रिकामा होतो? आणि एक गोष्ट पक्की ठरवा: टाकीत माणूस उतरवायचा नाही, उपसा यंत्रानेच करायचा. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात खरोखर जीव जातात.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आमच्या घराकडे आता आहेत. तिसऱ्याचं उत्तर मागायला पप्पा आणि मी नगरपंचायतीत अर्ज देणार आहोत. आजी म्हणाली, "माझीही सही घ्या."