सागरापलीकडचे अरण्य

आपल्याकडील बिस्किटे, साबण, फरसाण अशा कितीतरी वस्तूंत पामतेल असते. जगात पामतेलाची सर्वाधिक आयात करणारा देश भारत होय. हे तेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून येते.

ज्याच्या फळांतून हे तेल निघते तो तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ साली त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या उद्यानात लावली गेली. पुढे सुमात्रा व बोर्निओ बेटांवर त्याचे अफाट मळे पसरले.

परदेशी मालावर सरकार जो कर घेते, त्यास आयात जकात म्हणतात. ती किती असावी, हे देश पुष्कळदा करार करून ठरवतात. भारत आणि आग्नेय आशियातील राष्ट्रांचा 'आसियान' संघ यांच्यात २००९ साली असा करार झाला. पामतेलावरील जकातीची मर्यादा क्रमाक्रमाने उतरवण्याचे भारताने त्यात मान्य केले. जकात उतरली की माल स्वस्त होतो, मागणी वाढते आणि मळेवाल्यास अधिक जमीन हवी असते. चीन व युरोप यांचीही मागणी होतीच. काही मळे जुन्या रबराच्या जागी झाले. परंतु पुष्कळ मळ्यांसाठी अरण्ये तोडली गेली.

यांतील कित्येक अरण्ये पाणथळ भूमीवर होती. तेथे हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली साचलेला असतो. चर खणून पाणी काढले की तो वाळतो व आग लागल्यास आठवडेच्या आठवडे धुमसतो. १९९७ साली अशा वणव्यांचा धूर सिंगापूरपर्यंत पोहोचला. ओरांगउटान हा वानर केवळ याच दोन बेटांच्या रानांत राहतो. त्याचा आसराही आक्रसला.

तथापि दोष तेलताडाचा नव्हे. तेवढ्याच जमिनीत तो भुईमुगापेक्षा कितीतरी अधिक तेल देतो आणि असंख्य लहान शेतकऱ्यांची चूल त्यावर पेटते. म्हणून २०११ साली इंडोनेशियाने मूळ अरण्यांत नवे परवाने देणे थांबवले. २०२० नंतर तोडलेल्या अरण्याच्या जागेवरील पामतेल विकू न देण्याचा कायदा युरोपीय संघाने २०२३ साली केला. त्याची अंमलबजावणी मात्र लांबणीवर पडली. लहान शेतकऱ्यास असा पुरावा देणे जड जाते, ही उत्पादक देशांची तक्रार आहे.

करारात जकातीचा आकडा माणसेच लिहितात. त्या आकड्याशेजारी अरण्याच्या रक्षणाची अट लिहावी की नाही, हेही माणसांनीच ठरवायचे असते.

स्वाध्याय
१. जकात उतरल्याने दूरच्या अरण्यावर परिणाम कसा होतो?
२. 'दोष तेलताडाचा नव्हे', असे लेखकाने का म्हटले आहे?
३. 'चूल पेटणे' व 'लांबणीवर पडणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.