श्रीरामपूरची सनद आणि आपली भाषा

श्रीरामपूर म्हटले की आपणांस महाराष्ट्रातील गाव आठवते. हे श्रीरामपूर मात्र बंगालमध्ये, हुगळीच्या काठी आहे. तेथे १८१८ मध्ये केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी महाविद्यालय स्थापिले. आरंभीच्या ३७ विद्यार्थ्यांत ख्रिस्ती मुलांबरोबर हिंदूही होते, आणि संस्कृत व देशी भाषांना तेथे मानाचे स्थान होते.

१८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने पदव्या देण्याची सनद दिली. १८४५ मध्ये नगर इंग्रजांकडे गेले, तरी सनद टिकली. परंतु तिच्या आधारे ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या पदव्या मिळाल्या त्या १९१५ मध्ये! अधिकार इतकी वर्षे पेटीतच राहिला.

मराठीचे नाते याहून जुने. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने केरीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले. १८११ मध्ये नवा करार निघाला. त्याची भाषा आज अवघडलेली वाटते, हे भाषांतरकार म्हणून मी मान्य करतो. पण तेथे क्रम योग्य होता, आधी भाषा, मग महाविद्यालय.

आज श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न असलेल्या विद्यालयांत पदवीचे शिक्षण बहुधा इंग्रजीतून होते. ‘जस्टिफिकेशन’वर ऐकलेली व्याख्याने रविवारी ‘नीतिमान ठरविणे’ या शब्दांत उतरवण्याचे काम आपला पाळक एकटाच करतो.